उपाशी गोधडी

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण यातला एकही शब्द माझ्या पदरचा नाही. कीर्ती माझी मामेबहीण. तिला थापा मारताच येत नाहीत, खोटं बोलली की कान लाल होतात तिचे.

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. चेन्नईत, मैलापूरला, एका सभागृहात हातानं शिवलेल्या गोधड्यांचं प्रदर्शन होतं.

रात्रबित्र काही नाही हं. भर दुपारी, चारचौघांत घडलंय हे.

कीर्तीचा नवरा यश चेन्नईतच, शोळिंगनल्लूरला नोकरीला. ही दिवसभर घरी, आठ महिन्यांच्या अद्वयला घेऊन. ना भाषा येत, ना कुणी ओळखीचं. जीव रमवायला तिनं गोधडी शिवायला घेतली. जुन्या साड्यांचे तुकडे, बारीक धावदोरा... काय देखणी झाली होती म्हणून सांगू!

आमच्या पाटणकडच्या घरात एक रीत आहे. गोधडीचा शेवटचा कोपरा शिवायच्या आधी आत मूठभर तांदूळ घालायचे. तिचं पोट भरायचं. मगच टाका बंद करायचा.

पण प्रदर्शनाचा नियम होता, आत धान्य चालणार नाही. किडे होतात, उंदीर येतात.

कीर्तीनं कोपरा रिकामाच शिवला.

मामी फोनवर भडकली. "अगं शहाणे, उपाशी ठेवलीस तिला? लेकराच्या अंगावर चुकूनसुद्धा घालू नकोस!"

"आई, भिंतीवर टांगायचीय ती. पांघरतंय कोण?"

झालं. गोधडी टांगली.

तिथली व्यवस्था भवानीअक्कांकडे होती. तंजावरकडच्या, पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहूनही घरात मराठी बोलणाऱ्या. आपली भाषा कानावर पडली आणि कीर्ती हरखून गेली.

दुपारी अक्का जेवायला बसल्या. त्यांचा डबा कीर्तीच्या गोधडीखालच्या टेबलावर होता. झाकण घट्ट बंद.

उघडला...

रिकामा.

दहीभाताचं एक शीतही नाही. डबा चाटूनपुसून लख्ख.

"अय्यो! कोण गं हा खादाड?" अक्का हसल्या. कीर्तीही हसली.

मग तिला आवाज आला.

मच्... मच्... मच्...

तोंड मिटून कुणी सावकाश चावत होतं. गोधडीच्या मागे.

तिनं कड उचलून पाहिली. मागे नुसती भिंत. आवाजही थांबला.

उंदीर असेल, तिनं मनाची समजूत घातली. अद्वयला पोटभर पाजलं, ढेकर काढला, बाबागाडीत निजवलं. "अक्का, जरा लक्ष ठेवा हं," म्हणून ती बाटली धुवायला गेली.

परत आली तर भिंत मोकळी.

गोधडी जागेवर नव्हती.

"अगं, एसीखाली पिल्लू गारठलं होतं की," अक्का कौतुकानं म्हणाल्या. "म्हणून मीच काढून पांघरवलें. बघ कसं गप निजलंय!"

कीर्ती बाबागाडीकडे धावली.

गोधडी अद्वयच्या गळ्यापर्यंत होती. आणि आतून...

मच्... मच्...

तिनं ती ओढून फेकली. अद्वयचे डोळे सताड उघडे. ओठ कोरडे पडलेले. आत्ता टम्म असलेलं पोट खपाटीला गेलेलं. रडायला तोंड उघडलं, पण आवाज फुटेना.

तिनं त्याला छातीशी धरलं. तो पीत राहिला, पीतच राहिला, तरी पोट वर येईना.

"अक्का, तांदूळ! कुठले पण तांदूळ द्या!"

अक्कांनी पर्समधली देवळातल्या अक्षतांची पुडी काढली. कीर्तीनं दातांनी कोपरा उसवला, अक्षता आत ओतल्या आणि घाईघाईनं टाके घातले. बोटं रक्ताळली, तिला पत्ता नव्हता.

शेवटची गाठ बसली आणि अद्वय मोठ्यानं रडला. त्या रडण्यानं तिचा जीव भांड्यात पडला.

गोधडी घरी आणली. काही दिवसांनी तिनं कोपरा चाचपला...

सपाट. टाके जसेच्या तसे, आत दाणा नाही.

तुम्ही म्हणाल, जाळून का नाही टाकली? अहो, यशनं एकदा ती गाडीत घालून लांब सोडून यायचं ठरवलं. तो घराजवळच्या पुलापर्यंतही गेला नसेल, इकडे पोराची मान कलली. तसाच मागे फिरला बिचारा. तेव्हापासून कीर्ती कोपरा उसवते, भरते, शिवते. प्रवास बंद, माहेर बंद.

परवा तिचा फोन आला. म्हणाली, "दादा, तांदूळ संपतच नाहीत आता. महिना झाला, कोपरा भरलेलाच आहे."

मी म्हटलं, "सुटलीस बाई एकदाची!"

ती रडायला लागली.

"अद्वय दिवसभर खातो रे. मऊ भात, केळं, सगळं मागून मागून खातो. आणि महिनाभरात त्याचं वजन एक गुंजसुद्धा वाढलेलं नाही."