काळ्या सॅटिनचा भाता

दिनानाथशेटच्या दुकानात काळ्या सॅटिनचा शेवटचा तुकडा उरला होता आणि त्याचं एक टोक एलिशेबाच्या हातात होतं. दुसरं टोकही कोणीतरी धरलंय, हे तिला तुकडा ओढल्यावर कळलं.

"हा मी आधी घेतलाय," ती म्हणाली.

"हो... पण मला फारच गरजेचा आहे हो!" समोर शाळेतले नवे ड्रॉइंगमास्तर उभे होते. सायमन. उंच, किडकिडीत, पावसाने भिजलेले केस आणि बाहीला सरस लागलेला. "याच्यातून उजेड जातो का, तेवढं बघतो."

असं म्हणून त्याने तो तुकडा डोक्यावरून ओढून घेतला आणि भर दुकानात, रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. दिनानाथशेट पान चघळायचे थांबले.

"जात नाही!" आतून आनंदाने आवाज आला.

एलिशेबाने कपाळावर हात मारून घेतला. पनवेलात एक धड मास्तर येऊ नये!

मास्तर कॅमेरा बांधत होता. तीन पायांवर उभा राहणारा, मागे काळ्या कापडात डोकं घालून बघायचा मोठा कॅमेरा. नवा घेणं मास्तरकीत स्वप्नातच शक्य होतं. म्हणून मुंबईच्या जुन्या बाजारातून मोडक्या कॅमेऱ्याची काच आणली होती आणि सुकापूरच्या काशीराम सुताराकडून सागवानी पेटी करून घेतली होती. राहिला होता भाता. समोरची काच आणि मागची चौकट यांच्यामधला, बाजाच्या पेटीच्या भात्यासारखा उघडमीट करणारा कापडी भाग. काशीरामने तिथे हात टेकले होते. "मास्तर, लाकडाचं काय पन सांगा. कापडाचं आमाला नाय जमत."

"तुम्ही शिवणकाम करता ना?" सायमनने विचारलं.

"ब्लाउज शिवते. परकर शिवते. भाता नाही शिवत."

"नुसत्या घड्याच तर घालायच्यात..."

"मग घाला की तुम्ही!"

तो नुसता बघत राहिला, इतक्या आशेने, की तिला पुढचं तोडून बोलणं सुचेना. "रविवारी या," ती वैतागून म्हणाली. "शनिवारी आमचं मशीन बंद असतं."

"आम्हीही बेने इस्रायलच. शब्बाथला आमच्याकडेही काही करत नाहीत," तो हसला. हसला की बरा दिसायचा, आणि एलिशेबाला त्याचाही राग आला.

भाता झाला. कापडाचे दोन पदर, मध्ये पुठ्ठ्याच्या पट्ट्या, प्रत्येक घडी नेटकी. सायमनने त्यात तोंड घालून आभाळाकडे पाहिलं. "एक कवडसासुद्धा नाही! कसे आभार मानू..." आणि तो चक्क निघाला की! म्हणजे आता हा परत यायचा नाही, हे एलिशेबाच्या ध्यानात आलं. तिला तो आवडला होता. का, ते विचारू नका. तिने स्वतःला विचारून पाहिलं होतं, उत्तर आलं नव्हतं.

"द्या इकडे, काठ पक्का करून देते," ती म्हणाली आणि पाठमोरी होऊन एका घडीत सुई आरपार घातली. थोडी फिरवलीसुद्धा.

पुढच्या रविवारी स्वारी दारात हजर. "उजेड येतोय हो!"

मग दर रविवारी तेच. एक भोक बुजवायचं, दुसरं पाडायचं. आई ओसरीवर तांदूळ निवडत बसलेली, आणि हे दोघं भात्याच्या दोन टोकांना. एलिशेबा कंदील फिरवायची, सायमन आतून सांगायचा, "अजून वर... थांबा... सापडलं!" एकदा ती ठेवणीतली साडी नेसली, अबोलीचा गजरा माळला. सायमनने कापडातून डोकं बाहेर काढलं, तिच्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं...

"आज उजेड छान आहे," तो म्हणाला.

कंदील त्याच्या डोक्यात घालावा असं तिला वाटलं.

अशात रूबीमावशीचं इस्रायलला जायचं ठरलं. तिथे बीरशेबाला तिच्या ओळखीत एक मुलगा होता, कारखान्यात नोकरीला. मावशी जाताना एलिशेबाचा फोटो नेणार; पसंत पडला की मुलगीही तिकडेच. आई सायमनला म्हणाली, "एवढा घाट घातलायस, तर आमच्या एलीचा फोटो काढून दे बाबा. परक्याच्या स्टुडिओत कुठे जायचं?"

एलिशेबाने त्याच्याकडे पाहिलं. आता तरी बोल, मेल्या!

"कॅमेऱ्यात घालायला एक्स-रेची फिल्म मिळालीय," सायमन खाली मान घालून म्हणाला. "चांगली मोठी असते. चेहरा स्पष्ट येईल."

त्या दिवशी तिने भात्याला सढळ हाताने भोकं पाडली. आणि रविवारी हा बाबा भाता घेऊन आला तो काजळी आणि सरस लावून, सगळी भोकं स्वतः बुजवून!

अंगणात खुर्ची मांडली गेली.

"जरा हसा..."

"नाही हसणार."

"मग निदान हलू नका."

त्याने काचेवरचं झाकण काढलं. एलिशेबा हलली नाही. तिने त्या काचेकडे असं रोखून पाहिलं, की दुसरी काच असती तर तडकली असती.

चार दिवसांनी तो फोटो घेऊन आला. पापणी न् पापणी मोजून घ्यावी इतका स्वच्छ. आईने तो हातात घेतला आणि मटकन बसलीच. "अगं बाई! हे काय तोंड? हा फोटो बघून कोण हो म्हणेल?"

"मी म्हणेन," सायमन म्हणाला.

"मग भोकं कशाला बुजवलीत?" एलिशेबाचा आवाज चढला.

"ती तुम्ही पाडत होतात, हे मला दुसऱ्याच रविवारी कळलं. तुमची शिवण कधी उसवत नाही, सगळं गाव सांगतं... मीही मुद्दाम गप्प बसलो. यायला मिळायचं ना." तो अडखळला. "पण स्थळाला तुम्ही एकदाही नाही म्हणाला नाहीत. वाटलं, तुम्हाला जायचंय. मग मी कोण अडवणार? फोटो तरी चांगला द्यावा..."

"जायचंय? अरे, जायचं असतं तर शेवटच्या खेपेला एवढी भोकं का पाडली असती? माझ्या सुया मोडल्या, सायमन! एवढं बोलायला तुला अख्खा कॅमेरा बांधावा लागला?" 'तुम्ही'चं 'तू' झालं, ते तिला कळलंही नाही. डोळे भरून आले होते, आणि ती त्याला रडून दाखवणार नव्हती. "मला नाही जायचं बीरशेबाला. मला कुठ्ठेच नाही जायचं. उद्या तुझ्या आईला पाठव. तू येऊ नकोस. तुझ्या हातून बोलणं व्हायचं नाही."

"पाठवतो," तो म्हणाला. मग धीर करून, "मी पण येतो."

आईने फोटो बाजूला ठेवला आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. शुभकार्य ठरलं की त्यांच्यात एलियाहू नबीच्या नावाने गोड पोह्यांचा मलिदा करतात. "उद्या कशाला?" ती आत जाता जाता म्हणाली. "आत्ताच बोलावून आण तुझ्या आईला. पोहे भिजायला असा कितीसा वेळ लागतो!"