आधी सुई, मग सही

गेल्या चौदा नोव्हेंबरला, रात्री सव्वाअकरा वाजता, निवृत्तीला टेकलेल्या औषधभांडारातल्या काकांनी आम्हा चार प्रशिक्षणार्थींना ही हकीगत सांगितली. ती घडली त्यांच्या सख्ख्या भाचीच्या बाबतीत. ती याच रुग्णालयात परिचारिका आहे.

"भीती वाटली तर गोळी देईन," काका म्हणाले, "पण डॉक्टरची चिठ्ठी लागेल."

आम्ही हसलो. काका हसले नाहीत.

त्याच्या आदल्या वर्षी, याच तारखेला, भाची घरी अ‍ॅप्रन धुवायला टाकत होती. रात्रीचे अकरा चाळीस. सवयीने तिने खिसा चाचपला. बोटांना काच लागली.

इंजेक्शनची कुपी. संध्याकाळी एक बाई दाखल झाली होती. सातव्या महिन्यातच कळा. अशा वेळी आईला स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात. त्याने पोटातल्या बाळाची कच्ची फुप्फुसे लवकर तयार होतात. पण त्याला काही तास मिळावे लागतात. भाचीने आठ वाजता तक्त्यावर टोचल्याची सही केली, कुपी खिशात टाकली, तेवढ्यात अपघाताचा रुग्ण आला आणि टोचायचे राहून गेले. साठ्यातली ती शेवटची कुपी. काकांनीच काढून दिलेली.

वॉर्डातल्या जुन्या थोरल्या सिस्टर असत्या तर त्यांनी कान उपटले असते. "आधी सुई, मग सही," हे त्यांचे पालुपद. पण त्यांना वारून आठ महिने झाले होते.

भाची तशीच निघाली. वॉर्डापर्यंत पाच मिनिटांची वाट. दिव्याखाली थांबून तिने कुपी पाहिली. भरलेली. औषध आत हलत होते. ते काढायला काचेची मान मोडावी लागते; ती शाबूत होती. मूठ मिटून ती धावत सुटली.

वाटेत मूठ गार पडत गेली.

वॉर्ड शांत. बाई जागीच होती.

"ताई, पुन्हा टोचणार?"

"पुन्हा...?"

"आठ वाजता दिलं की त्या म्हाताऱ्या सिस्टरनी. हात नुसता बर्फ हो त्यांचा! आणि सारखं पुटपुटत होत्या..."

"काय?"

"आधी सुई, मग सही."

भाचीने मूठ उघडली.

कुपीची मान शाबूत.

आत थेंब नाही.

...

तिने डॉक्टरांना उठवून सगळे खरे सांगितले. त्यांनी बाईला तपासले. मग म्हणाले, "दुसरी कुपी नाही. आता फक्त वाट पाहायची."

पहाटे पाचला बाळ आले. सव्वा किलोचे. सगळ्यांनी श्वास रोखून धरला.

बाळाने मात्र घेतला. रडलेही.

उजाडल्यावर भाचीने डॉक्टरांसमोर तक्त्यावरची आपली सही खोडली.

काकांनी ती कुपी आम्हाला दाखवली. त्यांच्या खिशातून निघाली, तरी गार होती. मी ती उजेडात फिरवून पाहिली: मान मोडलेली नाही, कुठे चीर नाही, आतून कोरडी. तक्ता, प्रसूतीची वेळ, साठ्याची वही, सगळे पुढे पडताळले, जुळते. त्या रात्री दिव्याखाली ती भरलेली होती, याला मात्र भाचीच्या शब्दापलीकडे पुरावा मला आजवर मिळालेला नाही.