खिडकीतली कळी

मिरजेच्या त्या मूत्रपिंड रुग्णालयात मुलांच्या ओपीडीबाहेर एक काचेची खिडकी होती, आणि केसपेपर काढायच्या आधीच मुलं तिकडे पळायची. काचेपलीकडे उबदार कपाटात छोट्या वाट्या मांडलेल्या. प्रत्येक वाटीत मसुराच्या दाण्याएवढं एक मूत्रपिंड. त्या त्या मुलाच्याच रक्तातल्या पेशी घेऊन, त्यांना पुन्हा गर्भावस्थेत नेऊन, वरच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत वाढवलेलं. डॉक्टर त्याला वृक्ककलिका म्हणत, बाकी सगळे कळी म्हणत. मुलांनी त्यांना नावं ठेवली होती. ढब्बू, राणी, टिल्लू. पाच वर्षांच्या यशूची कळी म्हणजे चिंगी.

"आई, चिंगी गोरी झाली!" काचेवर बसवलेल्या भिंगाला डोळा लावून यशू ओरडली.

शर्वरीने वाकून पाहिलं, मग भिंग पुसून पुन्हा पाहिलं.

चिंगी गोरीच दिसत होती. गुलाबी, कोवळी, कडा स्वच्छ. गेल्या खेपेला त्याच कडा चहासारख्या तपकिरी होत्या. त्याच्या आधीच्या खेपेला नुसती एक रेघ होती. शर्वरीने दर वेळी विचारलं होतं, आणि डॉक्टर मगदूम मॅडमनी दर वेळी सांगितलं होतं की रंगावरून काही ठरत नसतं. घरी नवरा म्हणायचा, "तू बीएस्सी बॉटनी केलंस ना, तेव्हापासून तुला सगळीकडे बुरशीच दिसते." ती गप्प बसायची. पण तिने पानं बघितली होती. करपलेली कड परत कोवळी होताना तिने एकदाही पाहिली नव्हती.

ही चिंगी नव्हतीच.

यशूच्या मूत्रपिंडाची चाळण फाटली होती. रक्तातली प्रथिनं लघवीवाटे निघून जायची आणि सकाळी डोळे उघडता येऊ नयेत इतका चेहरा सुजायचा. नेहमीच्या औषधांना दाद मिळेना, म्हणून मगदूम मॅडमच्या अभ्यासातली नवी निळी गोळी सुरू झाली. सूज उतरली. घरात पेढे वाटले गेले. तेच औषध चिंगीच्या वाटीतही घातलं जात होतं, आणि कळीचं घड्याळ पुढे पळत असे. यशूच्या अंगावर वर्षभरात जे व्हायचं, ते चिंगीवर काही आठवड्यांतच दिसे. औषधाचा धोका मुलाच्या आधी कळीत दिसावा, म्हणून तर ती वाढवायची.

"यशोधरा पाटणे!" पुकारा झाला.

मगदूम मॅडम नेहमीसारख्या हसल्या. यशूला टेबलावर बसवून त्यांनी तिच्या नडगीवर अंगठा दाबला, खळगा पडतो का ते पाहिलं. मग दुसऱ्या पायावर दाबला. मग पुन्हा पहिल्यावर. सूज नव्हती, तरी अंगठा हलेना.

"छान आहे की. गोळी चालू ठेवू."

"सिस्टर, हिला जरा बाहेर घेऊन बसता का?" शर्वरी म्हणाली. दार लागलं तशी ती उभी राहिली. "मॅडम, चिंगी कुठं आहे?"

"खिडकीत आहे ना."

"ती नाही. तपकिरी झालेली. माझ्या मुलीची."

मॅडमनी चष्मा काढला. खोटं बोलायची त्यांना फारशी सवय नसावी. बराच वेळ त्या चष्म्याच्या काचाच पुसत राहिल्या. "ती गेली," त्या शेवटी म्हणाल्या. "खिडकीत आहे ती तिचीच बहीण. यशूच्याच पेशींची, त्याच वेळी वाढवलेली. फक्त तिला गोळी दिलेली नाही."

"म्हणजे जिला गोळी नाही ती टवटवीत. आणि जिला दिली ती मेली."

"शर्वरीताई, बसा."

"बसायला सांगू नका मला! कधी कळलं?"

"मागच्या महिन्यात."

"आणि आत्ता, माझ्यासमोर, गोळी चालू ठेवू म्हणालात?"

मॅडमनी दाराकडे पाहिलं. आवाज खाली आणून म्हणाल्या, "ऐकून घ्या. वर मी संशोधक असते, खाली डॉक्टर. वर जे दिसतं ते खाली आणायचं नाही, असा अभ्यासाचा नियम आहे."

"जिना उतरताना डोकं वर ठेवून येता का?"

"हा नियम मीच मागून घेतला." आता मॅडमचा आवाजही चढला. "दोन वर्षांपूर्वी एका मुलाची कळी अशीच गेली. तेव्हा नियम नव्हता. मी घाबरले आणि त्याच दिवशी त्याची गोळी बंद केली. त्याचं दुखणं उलटलं. आज तो आठवड्यातून तीनदा डायलिसिसला येतो. नंतर कळलं, त्याची कळी औषधानं नव्हतीच गेली, वाटीतल्या पाण्यात दोष होता. मी कळीवर विश्वास ठेवला आणि पोराची मूत्रपिंडं घालवली. सांगा, पुन्हा तेच करू?"

तो मुलगा शर्वरीने बघितला होता. खालच्या मजल्यावर, हाताला पट्टी बांधून चित्रं रंगवत बसलेला. पण राग ओसरला नाही. उलट त्याला धार आली.

"म्हणजे कळी खरं सांगते का खोटं, ते तुम्हालाच माहीत नाही."

"तेच तर शोधतोय. कळी गेली की प्रत्येक वेळी औषध थांबवलं, तर मुलाचं पुढं खरंच तसं झालं असतं का, हे कधी कळणारच नाही. कुणालाच. पुढच्या हजार मुलांनाही नाही."

"म्हणून यशूचं काय होतंय ते बघत बसायचं."

मॅडमनी समोरचा केसपेपर मिटून बाजूला सारला.

"गोळी तपासताय असं सांगितलंत आम्हाला. आम्ही हो म्हटलं. कळी तपासताय, आणि ती तपासायला माझी मुलगी वापरताय, हे कुठं सांगितलंत?"

"रक्तात अजून काहीही बिघाड नाही तिच्या."

"रक्तात दिसेपर्यंत अर्धं मूत्रपिंड गेलेलं असतं. तुम्हीच सांगितलंय ना पहिल्या दिवशी? मी ऐकते, मॅडम. मला ऐकायचीच सवय आहे." तिने दोन्ही हात टेबलावर दाबून धरले. "आणि खिडकीत दुसरी ठेवायचं कुणाला सुचलं?"

"मला. पहिल्यांदा एका मुलीला तिची वाटी रिकामी दिसली, तर तिनं जेवण सोडलं. आपणही आता मरणार म्हणाली. मुलांसाठी केलं ताई. देवाशपथ."

"मुलांना काचेतून गुलाबी दिसलं पाहिजे. आणि आयांना?"

बाहेरून यशूचं हसू ऐकू आलं. मॅडमनी डोळे मिटले. उघडले तेव्हा त्या अचानक खूप दमलेल्या दिसल्या.

"गोळी थांबवली तर सूज परत येईल. कदाचित हाताबाहेर जाईल. चालू ठेवली तर चिंगीसारखं होईल, किंवा होणारही नाही. मला खरंच माहीत नाही. तुम्ही सांगा, थांबवू?"

आत्ता विचारताय, शर्वरीच्या मनात आलं. महिनाभर एकटीनं ठरवलंत, आणि आता हे ओझं उचलून माझ्या ओटीत. तिला तो चष्मा हिसकावून भिंतीवर फेकावासा वाटला.

"थांबवा. आणि आत खरंच काय झालंय ते बघा. सुईनं तुकडा काढावा लागला तरी चालेल, पण तिच्याच मूत्रपिंडाचा. वाटीतल्याचा नको. तपासायला मात्र तुमच्या वरच्या मजल्यावर पाठवायचा नाही, बाहेर पाठवायचा. आणि जे येईल ते मला त्याच दिवशी कळलं पाहिजे."

मॅडमनी फोन उचलला, वॉर्डमध्ये खाट सांगितली. केसपेपरवर निळ्या गोळीच्या नावावर रेघ मारताना त्यांचं पेन एकदा अडखळलं, मग रेघ पूर्ण झाली.

शर्वरी बाहेर आली. सिस्टर यशूला फुगा बांधून देत होती. खिडकीपाशी सकीना मुजावर उभी होती, कडेवर तिचा आयान. दोघी सहा महिने एकाच बाकावर बसत आल्या होत्या, एकमेकींच्या डब्यातलं खात. आयानही त्याच गोळीवर होता.

"ताई, बरं झालं भेटलीस!" सकीना हसली. "आमच्या टिल्लूला बघ की जरा. तुला यातलं कळतंय. मागं कडंला काळं दिसत होतं, मी किती घाबरले होते. आज बघ, कसा झालाय चकचकीत! अल्लानं ऐकलं बघ."

शर्वरीने भिंगाला डोळा लावला. टिल्लू गुलाबी होता. कोवळा. कडेला एक डाग नाही.

"काय ग? बोल की."

शर्वरी सरळ झाली. बाकांवर आया बसल्या होत्या, काही मुलं काचेला नाक लावून आपापल्या कळीला हात हलवत होती. तिने ओपीडीचं दार पुन्हा उघडलं, ते भिंतीवर आपटलं, आणि सगळ्यांनी मान वळवली.

"मॅडम, बाहेर या," ती मोठ्याने म्हणाली. "या खिडकीतल्या खऱ्या किती आहेत, ते सांगा या सगळ्यांना. तुम्ही सांगताय की मी सांगू?"