दिसणारी बेल

दीपमालाने पार्सल फोडलं आणि ती बघतच राहिली. मागवलं होतं बाबांसाठी कानाचं मशीन, आणि खोक्यातून निघाली तळहातावर मावेल एवढी हिरवी पाटी... वर काळे चौकोन, कडेला चकचकीत खाचा. हे कानात घालायचं तरी कसं?

शेगावच्या स्टेशनाजवळ कुरिअरवाल्याची छोटीशी खोली होती. ती तणतणत तिथे पोचली, तर काउंटरपाशी एक सावळा, उंच तरुण उभा. त्याच्या चिमटीत कानाचं मशीन होतं आणि तो ते उजेडात धरून निरखत होता.

"हे तुमचं तं नाही?" त्याने विचारलं.

"माझंच आहे. अन् हे तुमचं?"

हिरवी पाटी दिसताच त्याचा चेहरा असा उजळला, की दीपमालाचा राग कुठल्या कुठे गेला.

"एवढं काय आहे त्यात?"

"कॉम्प्युटर आहे. पूर्ण. टीव्हीले जोडला की झालं."

त्याचं नाव गजेंद्र. गाव वरवट बकाल, नोकरी शेगावात ठिबक सिंचनाच्या दुकानात, आणि भाड्याच्या खोलीत हा छंद. अशा दोन पाट्या त्याने आधीच कामाला लावल्या होत्या. एकीवर लहानपणचे व्हिडिओ गेम चालत. दुसरी गावच्या घराच्या गच्चीवर बसून थंडी-वारा मोजी आणि त्याच्या फोनवर पाठवी. घरचे मात्र अजून अंगणात हात काढूनच थंडी ठरवतात, हे त्याने हसत सांगितलं. वस्तू स्वस्त, बिघडली तरी जीव हळहळत नाही, म्हणून वाटेल ते करून बघता येतं, असं त्याचं म्हणणं.

पार्सलांची अदलाबदल झाली. गोष्ट खरं तर तिथेच संपायची.

पण तिच्या बाबांनी, भाऊरावांनी, कानाचं मशीन अर्धा दिवस घातलं आणि काढून ठेवलं. डोक्यात भुंगा फिरतो म्हणाले. त्यांचे कान कापसाची सरकी काढणाऱ्या जिनिंगमधल्या मशिनींनी कधीचेच नेले होते. आई गेल्यापासून घरात बापलेक दोघंच. दीपमाला दिवसभर औषधांच्या दुकानात, आणि घरी भाऊराव एकटे. दारावर कोणी कितीही थापा मारो, त्यांना पत्ता नसे. सिलिंडरवाला परत जाई, पाहुणे परत जात. एकदा तर शेजाऱ्यांनी घाबरून कडीच तोडली होती. त्या दिवसापासून दुकानात फोन वाजला, की दीपमाला समोरचं गिऱ्हाईक सोडून धावे.

थोड्याच दिवसांनी गजेंद्र तिच्या दुकानात खोकल्याचं औषध घ्यायला आला. खोकला काही दिसत नव्हता. बोलता बोलता तिने हे सगळं त्याला सांगितलं.

"मंग बेल ऐकूच काऊन आली पायजे?" तो म्हणाला. "दिसली तं चालत नाही का?"

पुढच्या रविवारी तो हिरवी पाटी, कॅमेरा आणि वायरींचं भेंडोळं घेऊन दारात हजर. दुपार सरेपर्यंत बेल तयार झाली. फाटकावरचं बटण कोणी दाबलं, की बैठकीत लाल दिवा लुकलुके आणि टीव्हीवर दारातल्या माणसाचा चेहरा येई. भाऊरावांनी स्वतः बाहेर जाऊन बटण दाबलं, धावत आत येऊन पाहिलं, आणि आपला चेहरा हुकला म्हणून लहान मुलासारखे हिरमुसले.

दीपमालाची फोनची धास्ती त्या दिवशी गेली. आणि तिला त्या पाटीची चटकच लागली. संगणकाला सूचना कशा लिहायच्या, वायरीला सोल्डरचा डाग कसा द्यायचा, हे ती रविवारी गजेंद्रकडून शिकू लागली. डाग देताना तापलेल्या राळेचा वास, खिडकीतून येणारं पिवळं ऊन, आणि एकाच वायरीवर आलेली दोघांची बोटं...

"तुमचा हात लय स्थिर आहे," तो म्हणाला.

"गोळ्या मोजून मोजून झाला."

"माहा तं डाग सोडून भलतीकडेच जाते."

"थंडीनं?"

"नाही..." एवढंच बोलून तो वायर सोलत बसला.

दर रविवारी काहीतरी बिघडलेलं निघे. कधी वायर ढिली, कधी चित्र वाकडं. मग एका रविवारी सगळं धडधाकट चालू असताना तो आला. आज काय बिघडलं, असं तिने विचारलं.

"काहीच नाही. तेच तं सांगाचं होतं. बिघाड नसला, तरी मले यावं वाटते."

दीपमालाला वाटलं, आत्ता हसावं आणि हो म्हणावं. पण तिची नजर भिंतीवरच्या बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींकडे गेली.

"तुमच्या घरी चालेन का हे?" ती हळूच म्हणाली. "आधी घरी बोला, गजेंद्र. हो असो, नाही असो... फोनवर नको. बाबांच्या समोर येऊन सांगा."

तो होकाराची मान हलवत ‘हाव’ म्हणाला आणि गेला. पुढचा रविवार कोरडा गेला. त्याच्या पुढचाही. तिने फोन केला नाही, आपणच घातलेली अट आपणच कशी मोडायची? हाताला चाळा हवा म्हणून तिने एक काम काढलं. गल्लीतल्या बकऱ्या फाटकातून शिरून मोगरा ओरबाडत. म्हणून फाटकाशी काहीही हललं, की बटण न दाबताच टीव्हीवर दिसेल, असा बदल तिने एकटीने करून टाकला. बकऱ्यांचा हा कार्यक्रम भाऊराव आवडीने बघू लागले.

एका संध्याकाळी बकरीऐवजी गजेंद्र दिसला. फाटकाशी उभा. त्याने केस सारखे केले, बेलकडे हात नेला... आणि मागे वळून निघून गेला. दीपमालाच्या हातातली पोळी तव्यावर करपली. नकार घेऊन आला असणार. नाहीतर माणूस असा दारातून परत जातो का?

दुसऱ्या संध्याकाळी तो पुन्हा आला. या वेळी त्याचे ओठ हलत होते, सावकाश, पाठ म्हणावं तसे.

"‘काका,’ म्हणते," भाऊराव बोलले.

दीपमाला चमकून वळली. जिनिंगच्या गोंगाटात कामगार एकमेकांचे ओठ बघूनच बोलत. भाऊरावांची ती सवय अजून शाबूत होती.

"‘मी घरी बोललो,’ म्हणते... ‘आई दोन दिवस जेवली नाही.’"

पडद्यावरच्या गजेंद्रने तोंड फिरवलं. त्याची फक्त पाठ दिसत होती, आणि पाठ वाचता येत नाही. भाऊराव टीव्हीच्या अगदी जवळ सरकले. बाप-लेक दोघंही श्वास धरून त्या पाठीकडे बघत राहिले. तो वळला.

"‘मंग जेवली... मले म्हणे, तुह्या मनात आहे तं...’ थांब... ‘तं तिले घरी घेऊन ये. मी भाकर टाकीन.’" भाऊरावांनी उपरण्याने डोळे पुसले आणि लेकीला दाराकडे जायची खूण केली.

दीपमालाने दार उघडलं, तेव्हा गजेंद्र पुन्हा परत निघाला होता.

"बेल तं दाबलीच नाही मी," तो गडबडून म्हणाला.

"माहीत आहे. रोज येऊन परत काऊन जाता?"

"काकाले ऐकू येत नाही. मोठ्यानं बोलावं लागन..." त्याने गल्लीभर नजर फिरवली. "साऱ्या गल्लीले समजन. म्हणून काकाले ओठांवरून समजन, असं हळू हळू बोलाची सवय करत होतो."

"समजलं. सगळं समजलं."

त्याने वर कॅमेऱ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ओठांवर हसू. त्यातलं कोणतं खरं हे त्याला उमगायला क्षणभर वेळ लागला. मग त्याचे ताठलेले खांदे एकदम सैल पडले, आणि तो फाटकाला टेकून नुसताच हसत राहिला.

तेवढ्यात भाऊराव दारात आले. कमी ऐकणाऱ्या माणसाला आपल्या आवाजाचा अंदाज नसतो.

"आत ये बापू," ते खणखणीत बोलले. "माह्या पोरीले तू पसंत आहे, अन् मलेही. लग्न कधी कराचं, ते आता चहा पेता पेता ठरवू."

गल्लीतली दारं-खिडक्या एकेक करत उघडल्या. समोरच्या काकूंनी काय झालं म्हणून विचारलं.

"तुम्ही ऐकलं तेच, काकू," दीपमाला म्हणाली, आणि लालबुंद झालेल्या गजेंद्रला हाताला धरून तिने घरात नेलं.