शिडी धरणारा

शिडी घसरली तेव्हा उज्वलाच्या एका हातात डांबराचा डबा होता आणि खाली कोणीच नव्हतं...

पण शिडी मध्येच थांबली.

“सारवलेल्या ओल्या अंगणात शिडी लावतं का कोणी?” खालून आवाज आला.

“तुम्ही कोण?”

“टेम्पोवाला. झेंडू न्यायला आलोय. आधी खाली या, मग नाव-गाव विचारा.”

नाव ललित, गाव देवळा. दोन्ही हातांनी शिडी आवळून उभा होता. ती उतरली तेव्हा तो इतक्या जवळ होता की तिने घाईने आभाळाकडे बघितलं. आभाळ गंगापूरकडून काळंभोर चढत होतं.

दसरा उद्यावर. शेडमध्ये झेंडूचा ढीग, वर सिमेंटच्या पत्र्याला तडा. फुलं भिजली की काळी पडतात, आणि टेम्पोत आज अर्धाच माल मावणार होता. दरवर्षी तिचे वडील, अण्णा, पत्र्यावर चढायचे, शिडी उज्वला धरायची. यंदा अण्णा नव्हते. आई सणाचं सारवून बाजारात गेली होती.

ललितने शिडी ओट्याच्या कोरड्या फरशीवर घेतली. “मी चढतो.”

“नको. पत्रा फुटेल.”

“जाड म्हणता मला?”

“पत्र्याला विचारा.”

तो हसला. “मग मी काय करू?”

“धरा,” ती म्हणाली. पुढचे शब्द अण्णांचे होते. “...सोडू नका.”

वर पोचताच तिने शिडीचं टोक दोरीने वाशाला बांधलं. बोल्टांच्या रांगांवर फळी आडवी टाकली, तिच्यावरून रांगत तड्यापाशी गेली, गोणपाटाची पट्टी बसवून डांबर फासलं. पाठीवर पहिला थेंब पडला.

“झालं का?”

“घाई आहे?”

“अजिबात नाय. सावकाश करा. पण लवकर करा.”

ती हसत असतानाच खालून दबका “आई गं” ऐकू आला.

“काय झालं?”

“काही नाय. बघून उतरा.”

ती एकेक पायरी चाचपत उतरली. फळीच्या धक्क्याने वळचणीतल्या गांधीलमाश्या उठल्या होत्या. त्याचा कान लालबुंद झाला होता, डावा डोळा सुजून मिटला होता आणि दोन्ही हात अजून शिडीवर होते.

“पळायचं ना... उभे काय राहिलात?”

“तुम्ही वर होतात.”

पाऊस पत्र्यावर कोसळला. आत, कोरड्या झेंडूशेजारी, तिने त्याच्या कानाला कांदा चोळला.

“हळू...”

“देवळ्याचे ना? कांद्याच्या मुलखातले, आणि कांद्याला काय घाबरता? — आणि असं बघू नका.”

“एकच डोळा उघडाय. त्याच्यावरही बंदी?”

तिची बोटं थबकली. तो हळूच म्हणाला, “पहाटेच्या फेरीला दुसरा ड्रायव्हर येणार होता. मीच येऊ?”

“पहाटे कशाला? जेवूनच जा. आई येईल इतक्यात. तिला... बघू दे तुम्हाला.”

“आत्ता? या तोंडाने?”

“याच तोंडाने,” उज्वला म्हणाली.