मार्तंडच्या नावाची घागर

महादेवराव वॉटर वर्क्समध्ये फिटर होते. पाणी गळतं, आटतं नाहीतर उकळतं, चौथं काही त्याला येत नाही, असं त्यांचं ठाम मत. अक्षय तृतीयेला गेलेल्या माणसाच्या नावानं लोक पाण्याची घागर भरतात, याचं त्यांना हसूच यायचं. पण १९६४च्या वैशाखात तेच इतवारीच्या बाजारातून कोरी लाल घागर घेऊन सक्करदऱ्याच्या घरी आले.

त्यांचा मुलगा मार्तंड बासष्टच्या लढाईत चिन्यांच्या हाती सापडला आणि तिबेटातल्या छावणीत, कैदेतच, न्यूमोनियानं गेला. विशी नुकती ओलांडलेली. तार आली, सोबतचे सुटून आले, त्यांनीही सांगितलं. त्याच्या आईनं, मनकर्णाबाईंनी, तिळभर विश्वास ठेवला नाही. रोज त्याचं ताट वाढायच्या आणि झाकून ठेवायच्या. घागर भरताना बायको एकदाची रडेल, मोकळी होईल, एवढीच महादेवरावांना आशा होती.

"भर न वं, मार्तंडची माय."

"काहून भरू? तुमी पाह्यलं का त्याले मेलेलं?"

"तहानेला गेला असंल पोरगा. एवढं तरी दे त्याले."

बाईंनी घागर भरली. रडल्या मात्र नाहीत.

दुपारी ऊन मी म्हणत होतं. जेवून महादेवराव आडवे झाले, तर पायांना गारठा लागला. पायाशी ठेवलेली घागर झिरपते वाटतं, म्हणून त्यांनी खाली हात फिरवला. जमीन खडखडीत कोरडी होती. घागरीला बोट लावलं आणि चटकन मागं घेतलं. आत पाण्यावर सायीसारखा पापुद्रा धरला होता. नखानं टोचला, तर टचकन मोडला.

बर्फ.

बायकोला दिसू नये म्हणून ते झाकण शोधू लागले, तर ती मागंच उभी. तिनं घागरीवर तळहात ठेवला, आणि तेव्हा कुठे तिचा बांध फुटला.

"लेकरू कुडकुडून राहिलं जी! मी मेली इथं ताटं वाढत बसली, अन् त्याच्या अंगावर पांघरूण नाही!"

तिनं घोंगडी आणली, घागर गुंडाळून मांडीवर घेतली आणि थोपटू लागली.

रडली एकदाची. आता तिला सांगायचं होतं, गेला तो, सोड त्याले. महादेवरावांनी तोंड उघडलं.

तोंडातून वाफ निघाली. भर वैशाखात.

बाईंच्या हुंदक्यांचीही वाफ निघत होती.

आणि घोंगडीच्या वरच्या टोकातून तिसरी. बारीक, थांबत थांबत.