शेवट काय ठेवू, भाऊ?

ज्याला खोटं वाटेल त्याने खुशाल खोटं समजावं. मी वाद घालणार नाही. पण हे ज्यांच्यासोबत घडलं ते माझे सख्खे मामा आहेत, आणि मामा थापा मारणाऱ्यांतले नाहीत.

साल १९९१. मे महिना. जळगाव. वेळ भर दुपारची.

हो, दुपारचीच. आमच्याकडे मे महिन्यात रात्री निदान माणसं ओट्यावर झोपलेली तरी असतात. दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं.

लीलाधरमामांचं घर आणि केळीचा मळा वरणगावजवळ. पण माणूस पिक्चरचा वेडा. जळगावात त्यांचा दोस्त रतिलाल लग्नाचं व्हिडिओ शूटिंग करायचा. त्याच्या डोक्यात खूळ शिरलं, की आपण भुताचा पिक्चर काढायचा. त्याने दुकानाबाहेर पाटी लावली, 'भुताची गोष्ट सांगा, पण एका वाक्यात.'

आणि वाक्य पारखायला दर रविवारी मामा.

मामा पहिल्यापासून महासंशयी. गोष्ट चोरीला जाईल म्हणून कागद बंद. एकेकाने मागच्या खोलीत यायचं, दार लावायचं, वाक्य तोंडी सांगायचं.

कोणी म्हणे, एका माणसाला भूत दिसतं. मामा म्हणायचे, दिसू दे की, त्याचं काय गेलं? पारोळ्याचा एक जण म्हणाला, सात मित्र रात्री किल्ल्यात जातात. मामांनी विचारलं, का, त्यांना घरी कामधंदा नाही?

मग एका रविवारी तो आला.

पांढरी टोपी, धोतर. बोली धुळ्याकडची. बाहेर आग ओकणारं ऊन, आणि याच्या कपाळावर घामाचा थेंब नाही...

मामांनी माठातलं पाणी दिलं. त्याने ग्लासाला हात लावला नाही.

त्याचं वाक्य असं होतं, की केळीच्या मळ्यात एक मेलेली बाई भर दुपारी विहिरीवर येते.

मामा म्हणाले, "येते तर येऊ दे. तिला हवं काय, ते सांग."

पुढच्या रविवारी तो पुन्हा हजर. आता ती बाई पोटुशी बायकांना हाक मारत होती. मामांना ओळ आवडली. पण खोट काढल्याशिवाय त्यांना चैन कुठलं!

"परकी बाई नको. परकीसाठी कोण रडतं? बापाची लाडकी पोर घे. आणि भुताच्या पिक्चरमध्ये कोणीतरी गेलंच पाहिजे, नाहीतर लोक पैसे परत मागतात."

तो मान हलवून गेला. खोलीत मात्र केळीच्या कापलेल्या खोडाचा ओला वास राहिला...

जळगावच्या भर वस्तीत कसला आला केळीचा वास? मामांना वाटलं, हा आपल्या मळ्यात जाऊन आला. चोर आहे. पाळत ठेवतोय.

तिसऱ्या खेपेला त्याने वाक्य सांगितलं.

एकुलती एक पोर पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे. रविवारी दुपारी बाप घरी नसतो. विहिरीवरची बाई पोरीला हाक मारते.

कोकिळाताई, मामांची एकुलती एक मुलगी, तेव्हा माहेरीच होती. दिवस भरत आले होते.

मामा उठलेच. "माझ्या घरची माहिती तुला कोणी दिली?"

"तुम्हीच सांगं ना, भाऊ. परकी नको, बापनी लाडकी पोर ले."

बाहेरचे सगळे आवाज थांबले होते. डोक्यावरचा पंखा फिरत होता, पण त्याची घरघर येत नव्हती...

"आते शेवट काय ठेवू, भाऊ? पोर राहस का जास?"

राहते, मामा म्हणाले. पोर राहते!

तो हलला नाही. "कोनीतरी जायाले पाहिजे ना?"

मामा सांगतात, त्या क्षणी त्यांनी विचार केलाच नाही.

"बाप जातो. तिच्या जागी."

"हां. जमनं आते."

तो दाराकडे वळला. दार उघडल्याचा आवाज आला नाही...

मामा धावत बाहेर आले आणि त्यांनी रतिलालची कॉलर धरली. हा माणूस तूच पाठवतोस ना? रतिलाल रडकुंडीला आला. म्हणाला, लीलाधरभाऊ, आईची शपथ, आज कोणीच आलं नाही. तुम्ही एकटेच आत बोलत होते.

मामा मिळेल त्या गाडीने घरी पोचले.

कोकिळाताई ओट्यावर बसली होती. धडधाकट. सुगंधामामी तिला वारा घालत होत्या.

मामांना बघितलं आणि ताई किंचाळली.

दुपारी तिला कोणीतरी नाव घेऊन हाक मारली होती. ती विहिरीच्या काठापर्यंत गेली. एवढ्यात आबा, म्हणजे मामाच, आले, तिला मागे ओढलं, म्हणाले घरी जा. आणि स्वतः विहिरीत उतरले.

ती वाट बघत राहिली. आबा वर आलेच नाहीत. पाण्याचा आवाजसुद्धा झाला नाही...

गावातल्या पोहणाऱ्यांनी विहीर धुंडाळली. काही मिळालं नाही.

पुढे ताईला मुलगी झाली. सगळं व्यवस्थित. मामाही ठणठणीत आहेत. रतिलालने पिक्चरचं नाव पुन्हा काढलं नाही.

पण ताईने आपली मुलगी मामांच्या मांडीवर कधी दिली नाही. मामांना ते फार लागलं.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी येतात आणि घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने घागर भरतात. ताई दरवर्षी येते. सणाच्या गोड सांजोऱ्या करते. मग एक घागर भरून विहिरीच्या काठावर ठेवते.

बापाच्या नावाने. बाप घरात पलंगावर बसलेला असताना.

मामी एकदा, मी तिथे असतानाच, रडून तिला बोलल्या, की जित्या माणसाची घागर भरतेस, लाज वाटत नाही?

ताई शांतपणे म्हणाली, "आई, मला वाचवलं तो खाली आहे. याला मी ओळखत नाही."

मामा दारातच उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं.

रात्री जेवताना त्यांनी मला हळूच विचारलं, "तिचं खरं असेल तर?"

मी ताटात बघत राहिलो. मामांच्या तोंडाकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.